घोड्याएवढं झाल्यावर घोडे बघू नयेत?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात
(ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. नावंही बदलली आहेत.)

वाचकाचं वय 34. मुलुंडला आई, मोठा भाऊ, वहिनी आणि सात वर्षांची पुतणी चिमी यांच्यासोबत राहतात. लोअर परळच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहेत. चिमीला सांभाळताना तिच्यासोबत ‘माय लिटल पोनी : फ्रेंडशिप इज मॅजिक’ ही घोड्यांची कार्टून मालिका बघायला लागले आणि तिच्यापेक्षा तेच जास्त रमले. दादा म्हणतो, “घोड्याएवढा झालास आणि घोडे बघतोस!” हल्ली तर ‘चिमीसोबत ते बघू नकोस’ असंही त्याने बजावलं आहे. ऑफिसात कुणाला पत्ता नाही. मुलुंड ते करी रोड फोन छातीशी धरून, आवाज बंद करून बघतात.

मन मोकळं करायला मोठ्या वयाच्या चाहत्यांच्या एका ग्रुपमध्ये गेले. तिथे मालिकेतल्या ‘सगळे सारखे’ असलेल्या गावाच्या गोष्टीवरून जुंपली. काहींचं म्हणणं, ही समानतेच्या खुळाला सणसणीत चपराक आहे, आरक्षणवाल्यांना दाखवा. यांनी लिहिलं, तुम्हाला गोष्ट कळलीच नाही. वर असंही लिहिलं, की त्या गावाच्या म्होरकीला पुढे माफ केलं ते बरोबरच होतं. मग दोन्हीकडचे तुटून पडले. दोघांनी खासगीत ‘तुझं पटलं’ म्हणून कळवलं, पण ग्रुपवर ते गप्प राहिले. अ‍ॅडमिनचं म्हणणं, पोस्ट काढा, माफी मागा, नाहीतर बाहेर पडा.

“वेगळेपणाची गोष्ट ज्यांना आवडते तेच असे वागत असतील तर मी जाऊ कुठे? हे सगळं सोडून देऊ, की सगळ्यांना एकदाचं सांगून टाकू?” असं ते विचारतात. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: “चिमीला आता ते फारसं आवडत नाही, ती दुसरंच काहीतरी लावते, त्याचंही वाईट वाटतं.”

उत्तर

आधी बाकीच्या वाचकांना ती गोष्ट सांगते. नाहीतर कार्टूनवरून माफी मागायची वेळ आली एवढंच वाचून लोक हसतील आणि पान उलटतील. तुमचं पत्र आल्यावर मी ते भाग बघितले, त्यामुळे हे ऐकीव नाही.

या मालिकेतल्या घोड्यांना आपल्याला काय छान जमतं ते उमगलं, की मांडीवर एक चिन्ह उमटतं. त्याला क्युटी मार्क म्हणतात. कुणाच्या मांडीवर सफरचंदं, कुणाच्या मांडीवर फुगे. पाचवा मोसम 4 एप्रिल 2015 ला एका जोडभागाने सुरू झाला. त्यात मालिकेतल्या सहा मैत्रिणी एका आडगावात जातात. दोन सरळ रांगांत एका छापाची घरं, सगळ्यांच्या तोंडावर तेच हसू आणि सगळ्यांच्या मांडीवर गणितातलं बरोबरचं (=) चिन्ह. गावाची म्होरकी स्टारलाइट ग्लिमर सगळ्यांची मूळ चिन्हं जादूने काढून डोंगरातल्या गुहेत ठेवते. चिन्ह गेलं, की अंगातली कलाही जाते. बेकरीवाल्या शुगर बेलला धड मफिन जमत नाहीत, आणि कुणी तक्रारही करत नाही. तक्रार करायची म्हणजे याहून चांगलं काहीतरी असू शकतं हे कबूल करायचं. हीच शुगर बेल मग पाहुण्यांना तळघरात बोलावते आणि दबक्या आवाजात विचारते, तुमची चिन्हं जरा बघू का? इथे मी सावरून बसले. लहान मुलांच्या कार्टूनमध्ये इतकं नेमकं काही येईल असं वाटलं नव्हतं.

पुढे पाहुण्यांचीही चिन्हं जातात. त्यांना एका घरात कोंडून ठेवतात आणि तिथे कर्ण्यावर दिवसरात्र घोषणा ऐकवतात. शेवटी कळतं, की स्टारलाइटच्या मांडीवरचं बरोबरचं चिन्ह नुसतं रंगवलेलं आहे. पाणी पडतं, रंग उतरतो आणि खाली तिचं स्वतःचं चिन्ह शाबूत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मोसम संपताना ती सूड घ्यायला परत येते, तेव्हा तिची पूर्वकथा कळते. लहानपणीच्या एकुलत्या एका मित्राला चिन्ह मिळालं, तो जादूच्या शाळेत निघून गेला आणि ही एकटी राहिली. नायिका ट्वायलाइट तिला माफ करते आणि शिष्य म्हणून ठेवून घेते.

हे सगळं खेळणी विकणाऱ्या कंपनीने बनवलेलं आहे, हेही विसरायला नको. हॅस्ब्रो हे घोडे 1980च्या दशकापासून विकते आहे. दुकानात जे मिळतात ते बरेचसे एकाच साच्यातले असतात, रंग आणि मांडीवरचं चिन्ह तेवढं बदलतं. आपलं वेगळेपण जपा, आणि सहाच्या सहा घ्या!

आता तुमचं भांडण. मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने आहे. त्या गावात समानता कुठे आहे? एकीने स्वतःचं चिन्ह राखलं, स्वतःची जादू राखली, सगळ्यांच्या चिन्हांचा ताबाही स्वतःकडे ठेवला, आणि बाकीच्यांना सांगितलं की सोडून देण्यातच सुख आहे. याला साम्यवाद म्हणणारे चाहते जगभर आहेत. मला तर सरळसरळ बुवाबाजी दिसली. भक्तांनी सगळं अर्पण करायचं आणि बुवांच्या खोलीतला एसी चालू. आरक्षणाचा तर इथे काडीचा संबंध नाही. 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी सांगितलं होतं, की राजकारणात प्रत्येकाला एक मत आणि प्रत्येक मताला सारखं मूल्य मिळेल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता तशीच राहील, आणि ही विसंगती लवकरात लवकर दूर करावी लागेल. सगळ्यांनी एका चवीचे मफिन भाजावेत असं त्यात कुठे आहे? ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या भट्टीजवळ फिरकू दिलं नाही त्यांना आत येऊ देणं, ही तर शुगर बेलच्या बाजूची गोष्ट झाली.

पण तुम्ही लिहिलंत काय? ‘तुम्हाला गोष्ट कळलीच नाही.’ एवढ्या एका वाक्याने मुद्दा बाजूला पडला आणि माणसं अंगावर आली. त्यातून तुम्ही उशिरा आलेले पाहुणे. मालिका ऑक्टोबर 2019 मध्ये संपली. या मोठ्या चाहत्यांना जगभर ‘ब्रोनी’ म्हणतात. अमेरिकेत बाल्टिमोरला त्यांचं ब्रोनीकॉन नावाचं मोठं संमेलन भरायचं, ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शेवटचं झालं. हौशे-नवशे पांगले. जे टिकले आहेत ते स्टारलाइटला इतक्या स्वस्तात माफी का, यावर 2015 पासून भांडत आहेत. तुम्ही जे मत सहज टाकलंत त्यावर तिथे माणसांनी एकमेकांशी बोलणं सोडलेलं असू शकतं. हे तुम्हाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण आता ठाऊक असू दे.

तुमच्या पत्रात एक गृहीत सारखं डोकावतं. जिथे सगळे सारखे तिथे माझा जीव गुदमरणार, आणि जिथे वेगळेपणाचे गोडवे गातात तिथे मला मोकळं वाटणार. हे मला तपासून बघावंसं वाटतं. नवरात्रात मुंबईतल्या कुठल्याही लेडीज डब्यात डोकावून बघा. पिवळ्याच्या दिवशी डबा झाडून पिवळा असतो. कॉलेजची पोर पिवळी, भाजी निवडत बसलेली बाई पिवळी. सक्ती कुणाची? कुणाचीच नाही. फोटो काढतात, एकमेकींच्या साड्यांचं कौतुक करतात. आणि एखादी हिरवी नेसून आलीच तर काय होतं? ‘अगं, आज पिवळा होता ना?’ एवढं ऐकून घेते, दादरला जागा झाली की चौथ्या सीटवर टेकते. संपला विषय. सारखं दिसण्यात वाईट काही नसतं. वेगळं निघणाऱ्याला दंड किती पडतो, ते बघायचं. स्टारलाइटच्या गावात दंड होता कोंडून घालण्याचा. तुमच्या आयुष्यात अशी तीन गावं आहेत: ऑफिस, ग्रुप आणि घर. तिन्हीकडचा दंड एकदा नीट मोजा. मला वाटतं, तुमचा अंदाज उलटा निघेल.

ऑफिसचा दंड तुम्ही कधी भरलेलाच नाही, मनातल्या मनात मात्र मोठा ठरवून ठेवला आहे. तुमच्या टेबलाभोवती सुपरहिरोच्या सिनेमाला पहिल्या दिवशी जाणारी, आयपीएलच्या टीमची जर्सी घालून शुक्रवारी येणारी माणसं असतीलच. त्यांना कुणी वय विचारत नाही. तुमच्या घोड्यांचा रंग गुलाबी आहे आणि ते मुलींसाठी म्हणून विकले जातात, फरक काय तो एवढाच. 2010 मध्ये ही मालिका नव्याने उभी करणाऱ्या लॉरेन फॉस्ट यांची धडपड तीच होती, की मुलींसाठी केलेलं म्हणजे हलकं असं कुणी धरू नये. ऑफिसात कळलं तर दोन आठवडे टोपणनाव पडेल. अकाउंट्समध्ये मार्चअखेर आली की ते नावही कुणाला आठवणार नाही. पण म्हणून मुद्दाम जाहीर करा असंही मी म्हणत नाही. ‘सगळ्यांना एकदाचं सांगून टाकणं’ हा तुम्हाला प्रामाणिकपणा वाटतो, मला त्यात थोडी धमकी दिसते, की आता मला पसंत करा. कुणी विचारलं काय बघतोस, तर खरं सांगा. न विचारणाऱ्याला सांगायचं काही कर्ज तुमच्यावर नाही. लोकलमध्ये फोन छातीशी धरणाऱ्यांत निम्मे लोक तर नुसते मेसेज वाचत असतात.

ग्रुपचा दंड मात्र तिघांत सर्वांत जड आहे. पोस्ट काढा, माफी मागा, नाहीतर चालते व्हा. भाऊसुद्धा इतका पुढे गेलेला नाही. तेव्हा मत मागे घेऊ नका, पण बोलण्याच्या पद्धतीबद्दल दोन ओळी लिहा: ‘गोष्ट कळलीच नाही असं म्हणायला नको होतं. माझं मत तेच आहे.’ याने निभावलं तर ठीक. नाही निभावलं, तर अ‍ॅडमिनना एकदाच विचारा, की आरक्षणवाल्यांना हिणवणारी पोस्ट राहते आणि माझी जाते, ती कुठल्या नियमाने? उत्तर आलं नाही की गुपचूप बाहेर पडा. निरोपाचं भाषण नको, स्क्रीनशॉट नकोत. त्या दोघांनी तुम्हाला खासगीत कळवलं ना, तेच तुमचं तळघर. त्यांना चहाला बोलवा. दादरला भेटा, एखादा भाग सोबत बघा. तिघांचा अड्डा हजारांच्या ग्रुपपेक्षा बरा, कारण तिघांत अ‍ॅडमिन लागत नाही.

आता घर. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण तुम्ही पत्रात दादाला एका ओळीत उडवलंत आणि ग्रुपला दोन पानं दिलीत.

दादाच्या टोमण्याचं फार मनाला लावून घेऊ नका. तुमच्याच पत्रात आहे, की त्याला डकटेल्सचं हिंदी शीर्षकगीत अजून तोंडपाठ येतं. म्हणजे कार्टूनचं त्यालाही वावडं नाही. आपल्याकडे मोठ्या माणसाला लहान मुलांच्या गोष्टी आवडायला एकाच अटीवर परवानगी असते: त्या त्याच्या स्वतःच्या लहानपणच्या हव्यात. चाळिशीतला माणूस फास्टर फेणे पुन्हा वाचतो तेव्हा त्याला आपण हळवा म्हणतो. तोच माणूस आजच्या मुलांचं काही मन लावून बघू लागला, की लोकांच्या भुवया वर जातात. आठवण चालते, नवी आवड चालत नाही. आणि मुलांचं कुठलं, मोठ्यांचं कुठलं, हेही आपण कुठे धड तपासतो? ज्या शिनचॅनसमोर घराघरांत पोरांना ताट देऊन बसवतात, तो 1990 मध्ये जपानमध्ये सुरू झाला तेव्हा मोठ्यांच्या कॉमिक नियतकालिकात छापून येत होता.

पण ‘चिमीसोबत ते बघू नकोस’ हा टोमणा नाही, आणि तुम्ही दोन्ही एकाच पारड्यात टाकलेत. सात वर्षांच्या मुलीचा बाप हे म्हणतो तेव्हा ‘त्याला मी कळत नाही’ असं म्हणून मोकळं होता येत नाही. त्याने कदाचित कुठेतरी ‘ब्रोनी’ असं शोधून बघितलं असेल. मोठ्या चाहत्यांनी याच घोड्यांची केवळ प्रौढांसाठीची चित्रं ढिगाने काढली आहेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. तुम्ही तसलं काही बघत नसाल, मी तसं धरूनच चालले आहे. पण ज्या टॅबवर तुम्ही ग्रुप वाचता त्याच टॅबवर चिमी कार्टून लावते का? व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू होतो, आणि तो कुणी बनवलाय हे सात वर्षांच्या मुलीला कळत नाही. वरून दिसायला गुलाबी घोडा, आत काहीही असू शकतं. दादाला हे नीट शब्दांत सांगता आलं नसेल, म्हणून त्याने घोड्याएवढा झालास वगैरे सुरू केलं असेल. आपल्याकडे भाऊ भावाला ‘मला काळजी वाटते’ असं सहसा म्हणत नाही, टोमणा मारतो.

तेव्हा पहिलं काम हे. चिमीच्या टॅबवरून ग्रुप, त्याचे फोटो, तुमचं लॉगिन, सगळं काढा. तिचं वेगळं मुलांचं प्रोफाइल करा आणि त्याचा पासवर्ड वहिनींकडे द्या, तुमच्याकडे नको. बघायचं तर बाहेरच्या खोलीत, सगळ्यांची ये-जा असताना बघा. तुमच्या फोनवर काय येतं ते दादाला बघायचं असेल तर दाखवा. यात तुमचा अपमान नाही. मग त्याला म्हणा, “तुला नेमकी कशाची भीती वाटते ते सांग, मी रागावणार नाही.” आणि खरंच रागावू नका. एवढं करूनही तो म्हणाला, की नको, तर नको. मुलगी त्याची आहे. तुमची आवड तुमची, ती तुम्ही एकट्याने बघा, कुणी अडवणार नाही. या पत्रातलं बाकी काही केलं नाहीत तरी चालेल, एवढं या रविवारी करा.

आणि ती शेवटची ओळ. चिमीला आता ते आवडत नाही, त्याचं तुम्हाला वाईट वाटतं. समजू शकते, जिच्यामुळे लागलं तीच उठून गेली. पण सात वर्षांची मुलं आवडीनिवडी बदलतात, त्यासाठीच ते वय असतं. ती दुसरं काही लावते तेव्हा तुम्ही काय करता? ‘अगं, हे बघूया ना, तुला आवडायचं ना’ असं म्हणता का? म्हणत असाल तर थांबा. स्टारलाइटचाही बालमित्र दुसऱ्या वाटेला लागला होता, आणि त्यानंतर तिने जे केलं ते आपण आत्ताच बघितलं. चिमीने जे लावलं असेल ते तिच्याशेजारी बसून दहा मिनिटं बघा. कंटाळा आला तर सांगून उठा. तिलाही कळू दे, की काकाला न आवडणारं काही आपल्याला आवडलं तर काका रुसत नाही.

अशा धर्तीची पत्रं इतरांचीही येतात. कुणी चाळिशीत कोरियन मालिकांमागे लागलेलं, कुणी साठीत व्हिडिओ गेम खेळायला शिकलेलं. त्यांनाही यातलं काही उपयोगी पडलं तर पडो. फक्त घरात लहान मूल असेल तर आधी टॅबचं बघा, स्वाभिमानाचं मागून.

दादाशी बोलाल ते खाली फेरी मारताना बोला, जेवायला बसल्यावर नको. आई मध्ये पडतील. तुम्ही 34 चे आणि बिनलग्नाचे, घोड्यांचा विषय निघाला, की तुम्हाला घोड्यावर बसवायचा विषय निघायला त्यांना एक पोळी वाढण्याइतकाही वेळ लागणार नाही.